फायनलचं सेंटर

सकाळी साडेनऊला लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या कस्तुरा थबकली. समोरच्या कौलारू शाळेच्या फाटकातून पोरं आत चालली होती. कुणी वहीत डोकं खुपसलेलं, कुणी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणत.

"आबा, सातवी फायनलची पोरं दिसत्यात. परीक्षा हितंच असंल."

कोंडाजीनं शाळेकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. "ती शाळा हाय. तुजी परीक्षा सेंटरला हाय. शाळा म्हंजे शाळा, सेंटर म्हंजे सेंटर. चल."

भाजे गावात हा शब्द कुणाला कळत असेल तर तो आपल्यालाच, याबद्दल त्याला शंका नव्हती. मळवलीला तो ज्या बंगल्याची राखण करायचा, तिथल्या बाईसाहेब टेबल हलवायला लावताना हेच म्हणायच्या. सेंटर म्हणजे मधोमध. म्हणून तर परवा गुरुजी, "कोंडाजी, सेंटर कुठं आहे ते नीट ऐकून घ्या," म्हणाले, तेव्हा त्यानं त्यांना हातानंच थांबवलं. "ते मला ठाव हाय, गुरुजी." बाकीची चार पोरं आदल्या दिवशीच गुरुजींबरोबर मुक्कामाला गेली. वाढती पोर रात्रीची परगावी कशी ठेवायची, म्हणून कस्तुराला सकाळच्या गाडीनं तो स्वतः घेऊन आला होता.

गावाचा मध्य म्हणजे बाजार. चिक्कीच्या दुकानांपुढं दोघं बराच वेळ उभी राहिली. तिथं परीक्षेचं नावनिशाण नव्हतं. शेवटी कोंडाजीनं एका दुकानदाराला विचारलं, "भाऊ, सेंटर कुटं हाय?"

दुकानदारानं एकदा कस्तुराकडं पाहिलं. "हिला न्यायचंय का? सरळ जा. दवाखान्याच्या मागं, पिवळी इमारत."

पिवळ्या इमारतीवर पाटी होती. कस्तुरानं ती दोनदा वाचली. माता-बाल संगोपन केंद्र. हातातल्या चिठ्ठीवर तिच्या बैठक क्रमांकाखालीही तोच शब्द होता, केंद्र लोणावळा.

"काय ल्हिवलंय?"

"केंद्र," ती हळूच म्हणाली. "गुरुजी सेंटरलाच केंद्र म्हन्त्यात."

"मंग? सांगत व्हतो ना मी." कोंडाजी ओट्यावरच्या रांगेत शेवटी जाऊन बसला.

रांगेत बायका होत्या. कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणी पोटुशी. थोड्या वेळानं कस्तुरा म्हणाली, "आबा, हितं समद्या लेकुरवाळ्या हायेत."

"बायांची बसायची सोय न्यारी केली असंल."

यापुढं बापाला उलटं बोलायचा तिला धीर झाला नाही. ती गुडघ्यांना मिठी घालून बसून राहिली.

त्यांची पाळी आली तेव्हा साडेअकराला पाचच मिनिटं कमी होती. "काय होतंय हिला?" नर्सबाईंनी विचारलं.

"होत काय न्हाई. परीक्षा हाय तिची."

नर्सबाईंनी चिठ्ठी वाचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं मान वळवली. "अहो, ही सातवीची परीक्षा. स्टेशनसमोरच्या शाळेत चालू आहे. पळा."

दोघं पळाली. कोंडाजीची एक वहाण वाटेत सुटली, ती उचलायलाही तो थांबला नाही. शाळेचं फाटक लागलेलं होतं. शिपाई आतून म्हणाला, "पेपर अकराला लागला. अर्ध्या तासानंतर कुनाला सोडायचा हुकूम न्हाई."

फाटकाबाहेर गुरुजी उभे होते. ते आत जाऊन विनवणी करून आले आणि मान हलवत परतले. "दहापासून मी इथं उभा होतो, कोंडाजी. दोन गाड्या बघून आलो. गणित बुडालं म्हणजे सगळी परीक्षाच बुडाली."

कोंडाजीनं डोक्यावरची टोपी काढली. 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं दुसरंच. "फुडल्या सालाला बसंल ती," तो म्हणाला.

"बसवाल?" गुरुजींनी विचारलं.

कोंडाजीनं टोपी परत डोक्यावर चढवली. पोर पास झाली तर मास्तरकीला धाडू, नाहीतर वैशाखात लगीन करून उजवून टाकू, असं त्यानंच भावकीत सांगून ठेवलं होतं. फाल्गुन संपत आला होता.

दोन वाजता पोरं बाहेर आली. कस्तुरानं त्यांच्यातल्या गावच्या केरबाकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली. परतीची गाडी चारला होती. फलाटावरच्या बाकावर बसून तिनं मांडीवर वही उघडली आणि पहिल्या प्रश्नाला हात घातला. पोरांनी भाकरीचं फडकं सोडलं, तिला हाका मारल्या. तिनं मान वर केली नाही. आकडे मांडत, रेघा ओढत ती भराभर लिहीत होती. गुरुजी एकदा मागून डोकावले आणि दूर जाऊन उभे राहिले.

कोंडाजी बराच वेळ बघत होता. मग जवळ येऊन त्यानं विचारलं, "आता कशाला ल्हिवतीस, पोरी? कोन बगनार हाय?"

"येत व्हतं म्हनून," कस्तुरा म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

वहीवर ऊन आलं होतं. कोंडाजी सरकून उन्हाच्या आड उभा राहिला. गाडी येईपर्यंत तो तिथून हलला नाही.