वहीतला पहिला शब्द

पोरगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. वाचा-उपचार केंद्रातल्या ताई म्हणाल्या, जे काही कराल ते त्याच्यासमोर मोठ्याने बोलत करा, आणि पहिला शब्द आला की या वहीत लिहा. दोन महिने वेड्यासारखी एकटीच बडबडतेय. "आता आई कप विसळतेय. आता आई निळा मोजा शोधतेय. कुठे गेला बाई हा मोजा?"

"पलंगाखाली बघ."

आवाज कोपऱ्यातल्या खुर्चीतून आला. पोराने मान वळवली, मीही.

मोजा खरंच तिथे होता. तो हातात धरूनच मी ताईंना फोन लावला.

"ताई, शब्द आला. पण पोराचा नाही, सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यापासूनचा पहिला. वहीत लिहू का?"