आचारणीचं पान

लग्नाची दुसरी पंगत बसत होती, तेवढ्यात शैलानं झारा खाली ठेवला आणि वाटीभर मऊ वरणभात घेऊन ती चुलाणामागे बसली.

वाढणाऱ्या बायका थबकल्या. एक हसली, "अगं बया, वऱ्हाडाआधी आचारीणच जेवायला बसली!"

शेवटची पंगत उठल्याशिवाय स्वयंपाक करणाऱ्यानं घास घ्यायचा नाही, ही तिच्यासोबत स्वयंपाकाला आलेल्या सासूबाईंची शिस्त होती. उभ्या हयातीत त्यांनी स्वतः ती कधी मोडली नव्हती.

"आई, माझा नाइलाज आहे," शैला त्यांना खालमानेनं म्हणाली. "वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर मी भराभर बारीक होतेय. अशात उपाशी राहिले, जेवणानंतरची गोळी चुकवली, तर पित्ताशयात खडे होतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. पुन्हा ऑपरेशन नको मला."

सासूबाईंनी पदराला हात पुसले, स्वतःसाठी पान मांडलं आणि सुनेच्या शेजारी बसल्या.

"अहो, तुम्हाला कुठं गोळी घ्यायचीय?" शैला चकित झाली.

"सावकाश चाव," भात कालवत त्या म्हणाल्या. "तू एकटी जेवलीस तर लोक नावं ठेवतील. दोघी जेवलो, की रीत होते."