दादाची लाट

"दहा सेकंदच," आईने बजावलं. "प्रकाश जास्त पडला की पेशी मरतात." दादाला जाऊन चार महिने झाले होते, त्याच्या रक्तापासून आईच्या प्रयोगशाळेने घडवलेल्या हृदयाच्या पेशी मात्र बशीत अजून धडधडत होत्या. ही शेवटची बशी. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि चक्क किंचाळले! ठोक्यासरशी एका टोकाला कॅल्शियमची हिरवी लाट उठली, सुसाट दुसऱ्या टोकाला पोचून विझली. पुढचीने वाट पाहायला लावली. "आई गं, लाटसुद्धा दादासारखीच लेटलतीफ!" आई हसली नाही. "तू रोज बघतेस ना त्याला?" मी विचारलं. "मी आकडे बघते," ती म्हणाली. मी तिला खांद्यांना धरून मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर बसवलं नि सेकंद मोजू लागले. दहा झाले, वीस झाले. "आई, दिवा बंद!" ती हलली नाही. चाळिसाव्या सेकंदाला म्हणाली, "थांबला. तो गेला त्या दिवशी हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला मला."