चाकाखालची लिंबं

अमळनेर डेपोतला कंडक्टर चुडामण याने एका शेटजींच्या गोदामातून जुनी, दोन सीटांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार विकत आणली, तेव्हा तिच्या इंजिनात कबुतरांनी घरटं केलेलं होतं. ऐंशी सालची गोष्ट. तेव्हापासून ड्यूटी सुटली की हा पठ्ठ्या गाडीखाली.

दर दसऱ्याला बायको पुष्पाबाई गाडीला हार घालायची, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची. चुडामण सेल्फ मारायचा, गाडी नुसती खोकायची आणि लिंबं टुणटुणीत राहायची. मग पुष्पाबाई तीच पिळून गल्लीला सरबत पाजायची.

चौथ्या दसऱ्याला गल्ली पेले घेऊनच जमली. "औंदा बी सरबतच शे ना रे, चुडामण?" शेजारच्या झुलालनानांनी विचारलं. चुडामणने ओट्याकडे पाहिलं, तर सरबताची बादली आधीच भरलेली! त्याचं तोंडच उतरलं.

त्याने रागारागाने सेल्फ मारला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि डरकाळी फोडून निघाली. चारही लिंबांचा चेंदामेंदा! गल्लीने टाळ्या-शिट्ट्यांनी एकच गिल्ला केला.

फेरी मारून आल्यावर त्याने पुष्पाबाईला विचारलंच, "सकाळीच सरबत करून मोकळी झालीस? माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

"अहो, दरवर्षी चाकाखालचीच पिळते मी," पेला पुढे करत ती म्हणाली, "यंदा ती हाती लागायची नाहीत, म्हणून कालच बाजारातून दुसरी आणली."