माणशी एक पाव

साखर कारखान्यात उभं आयुष्य घालवलेल्या लेओन्सिओचं पेन्शन पहिल्याच आठवड्यात संपायचं. मग आधार रेशनच्या पावाचा. माणशी एक, रोज. तो दोन न्यायचा.

आज दुकानात हवानाहून आलेली तपासनीस बाई बसली होती. लेओन्सिओ दारातच थबकला, पण आता मागे वळलं तर नजरेत भरलं असतं.

"दोन," तो म्हणाला. त्याने पिशवी पुढे केली.

"घरी कोण कोण असतं, आजोबा?"

"मी आणि माझी बायको. सोराइदा."

"उद्या तिला पाठवा. बघू तरी."

अशाच चौकशीतून एकाचं पेन्शन बंद पडल्याचं त्याने ऐकलं होतं.

दुकानदार नेमेसिओने त्याच्या पिशवीत दोन पाव टाकले. "तिला नका हो बोलावू, कॉम्रेड. परवाच तांदळातल्या खड्यांवरून माझं डोकं खाऊन गेली. म्हाताऱ्याचं बरंय, त्याला ऐकू कमी येतं."

रांगेतल्या बायका हसल्या. तपासनीसही हसली आणि म्हणाली, "पुढचा."

लेओन्सिओ मान खाली घालून बाहेर पडला. गेल्याच महिन्यात सोराइदाच्या शवपेटीला पुढून खांदा दिला होता तो नेमेसिओनेच. आणि मागून रडत आल्या होत्या त्या याच रांगेतल्या बायका.