वेलबुट्टीचा ताटवा

‘वेलबुट्टीचा ताटवा’ हा शब्द वाचला आणि सबनीस मास्तरांनी हातातला तर्जुम्याचा कागद पालथा ठेवला. शब्द चांगला होता, आणि त्यांचा नव्हता.

शब्द करणारा समोर चटईवर बसला होता. कल्लप्पा. एके काळी त्यांच्याकडेच फ्रेंच शिकलेला विद्यार्थी, आता गिरणीच्या कचेरीत कारकून. गिरणीच्या मालकांना बंगल्यापुढे फ्रेंच धाटणीची बाग हवी होती. तिचं फ्रेंच पुस्तक मराठीत आणायचं काम आधी मास्तरांकडेच आलं होतं. सोलापुरात फ्रेंच म्हणजे सबनीस मास्तर. बागेत झुडपं कातरून काढायच्या याच नक्षीला त्यांनी ‘भूपृष्ठीय सूचिकर्म’ म्हटलं. ते ऐकून माळी रजेवर गेला. मग काम कल्लप्पाकडे गेलं.

“मास्तर, एक शब्द अडलाय की,” कल्लप्पा म्हणाला. “ही नक्षी ज्या झुडपाची कातरत्यात, त्याला ‘ब्युई’ म्हणलंय. म्हंजे कंचं झाड?”

मास्तरांना ठाऊक होतं. थंड मुलखातलं विलायती झुडूप. मराठीत त्याला नाव नाही. पण चुकीचं झाड लागलं तर मालक कुणाला धरतील, हेही ठाऊक होतं. तोंडी सल्ल्याला पुरावा नसतो.

“मेंदी,” मास्तर म्हणाले. “आपली साधी मेंदी. डोळे मिटून लिही.”

पुढल्या वैशाखात मालकांनी पाहुणे बोलावले. अवघं सोलापूर करपलं होतं. बंगल्यापुढे मेंदीच्या वेलबुट्ट्या हिरव्यागार होत्या. मालकांनी कल्लप्पाला फेटा बांधला. मास्तरांनी दुसऱ्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. वाजवणं भाग होतं.

फेट्यासकट कल्लप्पा पाया पडायला आला. मास्तरांना राहवेना.

“आत्ता जाऊन मालकांना सांगतो. ब्युई म्हणजे मेंदी नव्हे. ते विलायती झाड.”

“ठावं हाय मला. मालक बोटीनं रोपं मागवणार व्हते. आपल्या उन्हात ती जगली असती व्हय? मी मेंदी लावा म्हणलं, तर ऐकंनात. म्हणले, पुस्तकातलं झाड म्हंजे मेंदीच, असं सबनीस मास्तर म्हणले तरच लावू.”

“मग हे मला तेव्हाच सरळ का नाही सांगितलंस?”

कल्लप्पानं फेटा सावरला.

“सरळ सांगितलं असतं, तर माझी जिरवायला तुमी खरं बोलला असता की, मास्तर.”