पासचा शिक्का

गोदामातल्या तपासनिसाने चाचणीची तिसरी पट्टी शेंगांच्या अर्कात बुडवून पाहिली, तरी शेंगांत बुरशीचं विष दिसेना. गेली सहा वर्षं त्याने स्वतःच्या आईचा भुईमूग सगळ्यांदेखत नापास केला होता.

“आई, खरं सांग. कुणाच्या शेंगा आणल्यास?”

“माझ्याच! पेरताना बियाण्याला जिवाणू चोळले होते, तुझ्या बायकोने प्रयोगशाळेत वाढवलेले. बुरशीला डोकं वर काढू देत नाहीत मेले.”

“तिला कुठे सापडले?”

“तू नापास केलेल्या शेंगा मी चिडून दरवर्षी जिथे पुरायचे ना, तिथल्या मातीत. बुरशी खाऊन खाऊन माजलेत नुसते.”

तो हसत सुटला आणि खणात पासचा शिक्का शोधू लागला.

“नीट दाबून मार,” आई ताठ मानेने म्हणाली, “सहा वर्षं त्यांना खाऊ तूच घातलंयस.”